यू-टर्नवर मॅट हवी : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ट्रायथलॉन आणि मॅरेथॉनमध्ये मार्ग चुकवून मिळवले जाणारे निकाल रोखण्यासाठी चिप टायमिंगच्या अटी घालण्याबाबत

महोदय, स.न.वि.वि.

गेल्या हिवाळ्यात एका धरणाकाठच्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीत, मी सायकलच्या यू-टर्नवर स्वयंसेवक होते. हातात वही-पेन, गळ्यात शिट्टी. पहिले चार-पाच सायकलस्वार एकेकटे आले तोवर सगळं ठीक होतं. मग तीस-चाळीस जणांचा घोळका एकदम आला. कुणाचा नंबर वाऱ्याने उलटा झालेला, कुणाचा जर्सीखाली गेलेला. मी लिहायला मान खाली घालायचे, तेवढ्यात तिघे वळून गेलेले असायचे. सायकलच्या दोन फेऱ्या होत्या. माझ्या वहीतून किती नंबर सुटले, ते मला आजही सांगता येणार नाही.

बक्षीस समारंभ झाल्यावर वयोगटात चौथी आलेली एक मुलगी माझ्याकडे आली. "ताई, तिसरी आलेली मला दुसऱ्या फेरीत रस्त्यावर दिसलीच नाही. तुमच्या वहीत बघा ना." मी बघितलं. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीचा नंबर एकदाच लिहिलेला होता. पण वही अर्धवट आहे हे मला ठाऊक होतं. तिच्या जोरावर कुणाला खोटं कसं ठरवणार? प्रत्येकीच्या घोट्याला वेळ नोंदवण्यासाठीची चिप होती. ती चिप वाचणारी, जमिनीवर अंथरलेली मॅट मात्र फक्त पोहून बाहेर येण्याच्या जागी, ट्रान्झिशनला (एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याच्या जागी) आणि फिनिशला. जिथे फेरी चुकवता येते तिथे पेन घेऊन मी एकटी. ती मुलगी काही न बोलता सायकल टेम्पोत चढवून निघून गेली. तिला मी काय उत्तर द्यायला हवं होतं, हे अजून सुचलेलं नाही. म्हणून हे पत्र.

चिप लावली की फसवणूक संपली, असा आयोजकांचा आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयांचाही समज असतो. चिपला रस्ता दिसत नाही. मॅटखालच्या अँटेनाच्या टप्प्यात ती आली की आपला क्रमांक सांगते आणि मॅटीला जोडलेलं यंत्र, म्हणजे डिकोडर, त्यापुढे वेळ लिहितो. दोन मॅटींच्या मध्ये धावणारा काय करतो, झाडाखाली बसतो की आडवाटेने पुढे निघतो, याची तिला काही खबर नसते. म्हणून मॅटी किती आहेत यापेक्षा त्या कुठे आहेत याला महत्त्व आहे. यू-टर्नच्या शंभर मीटर अलीकडे मॅट टाकली, तर ती ओलांडून तिथूनच मागे फिरता येतं. ती वळणाच्या अगदी टोकावरच हवी. फेऱ्यांच्या मार्गावर ती प्रत्येक फेरीत ओलांडली जायला हवी. शिवाय एखादी मॅट अशीही असावी, जिची जागा आधी कुणालाच माहीत नसेल.

1980 साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये चिप नव्हती. रोझी रुइझ 2 तास 31 मिनिटं 56 सेकंदांत फिनिशला पोचली आणि विजेतीचा मुकुट तिच्या डोक्यावर चढला. ती बराचसा मार्ग धावलीच नव्हती. खरी विजेती कॅनडाची जॅकलिन गारो होती. तिला तिचं यश आठवड्याभराने मिळालं. पण फिनिश लाइनवरचा तो क्षण काही परत मिळत नाही. मॅटी आल्यावर चित्र किती बदललं, ते मेक्सिको सिटीने दाखवलं. तिथे 2017 च्या मॅरेथॉनमध्ये सुमारे 6 हजार धावपटू अपात्र ठरले आणि 2023 मध्ये हा आकडा 11 हजारांच्या घरात गेला. वाटेतल्या मॅटींवर त्यांची नोंदच नव्हती. तिथली माणसं आपल्यापेक्षा लबाड आहेत असं मी मानत नाही. त्यांनी मोजलं, म्हणून त्यांना कळलं.

तरी चिप पुरेशी नाही, कारण ती कुणाच्या पायात आहे हे तिला कळत नाही. आपल्याकडून दर वर्षी कितीतरी धावपटू दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या मॅरेथॉनहूनही लांब शर्यतीला जातात. 1999 च्या त्याच शर्यतीत दोन दिसायला सारखे भाऊ आलटून पालटून धावले. पकडले गेले ते छायाचित्रांमुळे. एका छायाचित्रात घड्याळ डाव्या मनगटावर होतं, दुसऱ्यात उजव्या. 2018 च्या चीनमधल्या शेंझेन हाफ मॅरेथॉनमध्ये 258 जणांवर कारवाई झाली. त्यातल्या बहुतेकांनी दुभाजकाच्या झाडीतून पलीकडे जाऊन वळण टाळलं होतं आणि ते वाहतुकीच्या कॅमेऱ्यांत सापडले. ट्रायथलॉनही याला अपवाद नाही. 2015 मध्ये कॅनडातल्या व्हिसलरच्या आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये वयोगटातल्या एका विजेतीने आपली चिप वाटेत हरवल्याचं सांगितलं. इतरांच्या वेळा आणि फोटो जुळवून पाहिल्यावर तिला अपात्र ठरवण्यात आलं. म्हणून मॅटीजवळ वेळ दाखवणारा एक साधा व्हिडिओ कॅमेरा हवाच.

आता पोहण्याकडे येते, आणि इथे आपण विशेष लक्ष द्यावं अशी माझी विनंती आहे. पाण्याखाली या चिपच्या लहरी फारशा पोचत नाहीत, त्यामुळे पोहणाऱ्यांची नोंद फक्त काठावर होते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पाण्यात उतरताना मॅट नसते, बाहेर येतानाच असते. पाण्यात उतरलेला माणूस बाहेर आला नाही, हे मग कळणार कसं? उतरण्याच्या जागी मॅट असेल तर आत किती गेले, बाहेर किती आले आणि कोण राहिलं, हे त्याच क्षणी पडद्यावर दिसतं. बोया (पाण्यातल्या मार्गाच्या तरंगत्या खुणा) चुकवून काठाने परतलेला आणि पाण्यात संकटात सापडलेला, दोघांचाही पहिला पुरावा एकच असतो : नोंद न होणं. एका मॅटीत निकालाची शुद्धता आणि जीव या दोन्हींची राखण होते. निदान ही एक अट तरी आपण उद्याच घालू शकता.

यात शासनाचा काय संबंध, असं आपले अधिकारी म्हणतील. रस्ता पोलीस बंद करतात, धरणात पोहण्याची परवानगी जलसंपदा विभाग देतो, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पत्राशिवाय शर्यत होत नाही. त्या परवानगीत रुग्णवाहिकेची अट असते. तशीच मॅटींच्या जागा दाखवणाऱ्या नकाशाचीही असावी. दुसरं म्हणजे, आपल्या राज्यात खेळाडूंना शासकीय नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्याने पाहिली आहेत. विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात प्रमाणपत्राची पडताळणी होते तेव्हा सही-शिक्का तपासला जातो. पण खऱ्या सहीखालचा निकालच खोटा असेल तर? जी शर्यत प्रमाणपत्रासाठी धरली जाते, तिच्या प्रत्येक मॅटीवरच्या वेळा निकालासोबत जाहीर व्हायलाच हव्यात. पाच किलोमीटर रस्त्यावर धावण्याचा पुरुषांचा विश्वविक्रम 12 मिनिटं 49 सेकंदांचा आहे. आपल्या तक्त्यात कुणी तेवढं अंतर अकरा मिनिटांत कापलेलं दिसलं, तर बक्षीस देण्याआधी पाच मिनिटं थांबायला हवं.

खर्चाची अडचण मी जवळून पाहिली आहे. तालुक्याच्या गावात शर्यत भरवणारी मंडळी स्वतःच्या खिशातून केळी आणि पाणी आणतात. त्यांना जास्तीच्या मॅटी परवडत नाहीत, आणि त्यांच्यावर नुसती अट लादली तर शर्यतच बंद पडेल. म्हणून विनंती अशी, की बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आणि प्रत्येक विभागीय संकुलात शासनाच्या मालकीचा मॅटी-डिकोडरचा एकेक संच ठेवावा आणि छोट्या आयोजकांना तो नाममात्र भाड्याने द्यावा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. फेरी चुकलेला प्रत्येक जण लबाड नसतो. नव्वद किलोमीटर सायकल चालवून डोकं बधिर होतं, फलक दिसत नाही, मोजणी चुकते. मार्ग माहीत असणं ही नियमाने खेळाडूची जबाबदारी आहे, त्यामुळे तो अपात्र ठरेल, पण चोर ठरायला नको. मॅटही कधी एखादी चिप वाचत नाही. म्हणून नोंद नसेल तर आधी त्या खेळाडूला शांतपणे विचारावं, कॅमेरा पाहावा, मगच निर्णय द्यावा, आणि हे सगळं बक्षीस समारंभाआधी व्हावं. आज ही चौकशी व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. तिथे कुणाचं म्हणणं ऐकलं जात नाही, फक्त नाव पसरतं.

2025 च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने ट्रायथलॉनचं सुवर्ण जिंकलं. तिच्यामागून येऊ पाहणाऱ्या मुली आज आमच्या या धरणाकाठच्या शर्यतींत उतरताहेत.

आपण वेळ दिलात, तर चिप टायमिंगचं काम करणारे आमच्यातले दोघे-तिघे दोन मॅटी आणि एक डिकोडर घेऊन मंत्रालयात यायला तयार आहेत. घोट्याला चिप बांधून आपणच एकदा त्या मॅटीवरून चालून पाहा आणि एकदा तिला वळसा घालून. मी ती वहीही सोबत आणीन.

आपली नम्र,
ट्रायथलॉन स्वयंसेवक, सातारा