कडीचा विषय

प्रिय मित्रा,

"तू आणि दवाखान्याच्या समितीवर?" म्हणून फोनवर तू पोट धरून हसलास. खुलासा लिहूनच करतो, फोनवर तू बोलू कुठे देतोस!

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समित्या मिळाल्या. आमच्या ग्रामीण रुग्णालयातली म्हणजे रजिस्टर फिरवा, सही करा, चहा प्या. मीही केली असती सही. पण आदल्या रात्री वहिनीच्या बाळंतपणासाठी आईला घेऊन तिथेच मुक्काम पडला. सोबतच्या बायका व्हरांड्यात पोती अंथरून निजलेल्या. बायकांच्या संडासाला आतून कडीच नाही. आई आत गेली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी दार धरून उभी, मग म्हातारी आत गेली की आई. रात्रभर हेच. भिंतीवर तक्रारपेटी आहे, पण कुलपाची किल्ली कुणाकडे, हे शिपायालाही ठाऊक नाही.

सकाळी बैठकीत विषय काय, तर प्रवेशद्वाराची कमान! मी कडीचं काढलं. हशा पिकला. डॉक्टरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला आजवर कुणी सांगितलंच नाही." खरंच असणार, त्यांचा संडास वेगळा.

डॉ. अभय आणि राणी बंग या दांपत्याने गडचिरोलीत दवाखाना कसा हवा, हे आधी गोंड आदिवासींनाच विचारलं होतं. मोठ्या इमारतीची धास्ती वाटते, पांढरे कपडे मेलेल्याच्या अंगावरचे, नातेवाइकांना थांबू देत नाहीत, असं लोक म्हणाले. म्हणून त्यांच्या शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांचा झाला, माणसं सोबत राहू लागली आणि नाव पडलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. आमच्याकडे कडीसुद्धा कुणी विचारली नाही.

२००७ पासून राज्यात काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरीच दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल शेरा देत, मग जनसुनवाई. मला ती पद्धत आवडते, फक्त एक खटकतं: समोर सापडतो तो तालुक्याचा डॉक्टर, आणि रिकाम्या जागा भरायच्या असतात मुंबईहून. शिव्या मात्र त्यालाच.

असो. कमान बारगळली. समितीच्या अबंधित (म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून कडी मंजूर झाली, ठराव, सह्या, सगळं रीतसर. काल आई वहिनीचे टाके दाखवायला गेली होती. आल्या आल्या म्हणाली, कडी लावलीय रे, पण बाहेरून.

उद्या स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मीच जातोय.

तुझाच,
समिती सदस्य (हस आता!)