खोडदच्या दुर्बिणीला ‘अडथळा’ म्हणू नये

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा मूळ मार्ग खोडद येथील जीएमआरटी या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीला बाधा येईल या कारणाने नाकारला गेला. तेव्हापासून आपल्याकडच्या सभांत आणि गप्पांत ‘रेल्वे अडवणारी दुर्बीण’ असा तिचा उल्लेख सर्रास होऊ लागला आहे. ही रेल्वे मलाही हवी आहे. मुलगी चाकणला नोकरीला असल्याने नाशिकरोडहून चंदनापुरी घाटमार्गे तिकडे मला महिन्यातून दोनदा तरी जावे लागते आणि चाकणच्या कोंडीत तासन् तास काढावे लागतात. तरीही हा उल्लेख मनाला लागतो, म्हणून हे पत्र.

वीज वितरणाच्या कामात माझी ३१ वर्षे गेली. तडा गेलेला इन्सुलेटर शोधायचा असला की आम्ही ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर लावून लाइनखालून चालत जात असू. ज्या खांबाजवळ खरखर वाढून बातम्या ऐकू येईनाशा होत, तिथे हमखास ठिणगी पडत असे. डोळ्यांना न दिसणारी ती ठिणगी रेडिओला मात्र लांबूनच कळे. विजेवर धावणाऱ्या रेल्वेचा पॅन्टोग्राफ, म्हणजे छतावरचा वीज घेणारा सांगाडा, २५ हजार व्होल्टच्या तारेला घासत पुढे जातो आणि संपर्क क्षणभर सुटला तरी तिथे अशीच ठिणगी उडते. आता शेजारी दुर्बिणीच्या रूपाने जो रेडिओ आहे तो किती नाजूक कानाचा आहे, हे पाहावे. चंद्रावर एखादा साधा मोबाइल चालू ठेवला, तर या दुर्बिणीच्या दृष्टीने तो आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक ठरेल.

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला मी खोडदला गेलो होतो. दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या एका थाळीखाली उभे राहून वर पाहिले, तर आरपार आकाश दिसत होते, कारण थाळी पत्र्याची नसून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारांची जाळी आहे. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि कमी खर्चाचा झाला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या अशा ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत आणि त्या सर्व मिळून एकच दुर्बीण होते. इथे येणाऱ्या प्रत्येक इंजिनियरने ती जाळी जवळून पाहावी, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

या दुर्बिणीने केलेले एक काम तर नाशिककरांना ठाऊक असायलाच हवे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश, जो मुळात मंगळाजवळच्या यानासाठी होता, सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदच्या थाळ्यांनी टिपला. यान उतरण्याआधीच तो संदेश थांबला. पुढे चौकशीत दिसले, की हवाई छत्री उघडताना यान जोराने हेलकावले आणि त्याच्या फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेला अडकून राहिले. त्या चुकीच्या मापावरून यानातील संगणकाने उंची शून्याच्याही खाली असल्याचा हिशेब केला आणि जमीन ३.७ किलोमीटर खाली असतानाच छत्री सोडून दिली. ३० सेकंद चालायची इंजिने ३ सेकंदांत बंद झाली आणि यान कोसळले. एका सेकंदाच्या मापाचे हे मोल! असे अपयश समजून घेतल्यावाचून पुढचे यान सुखरूप उतरत नाही, हे आपण २०१९ आणि २०२३ च्या चांद्रयानांच्या वेळी घरोघरी अनुभवले आहे.

याच थाळ्या पल्सार ताऱ्यांचे, म्हणजे स्वतःभोवती फिरताना नियमित रेडिओ स्पंदने देणाऱ्या मृत ताऱ्यांचे, ठोके मोजतात. सूर्याहून अधिक वस्तुमान नाशिक शहराएवढ्या, म्हणजे वीसेक किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाबले गेले की त्याची घनता अणुकेंद्राएवढी होते. एवढे मोठे ‘अणुकेंद्र’ कोणत्याही प्रयोगशाळेत घडवता येत नाही, ते आकाशातच अभ्यासावे लागते. जून २०२३ मध्ये पल्सारांच्या ठोक्यांतील सूक्ष्म फरकांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लाटांचे, पुरावे जगभरातील गटांनी मांडले, त्यात खोडदच्या नोंदींचाही वाटा होता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मार्गाचा वाद मापांवर व्हावा. किती अंतरावर किती गोंगाट पोहोचतो, बोगद्याने किंवा आडोशाने तो किती घटतो, याचे आकडे रेल्वेने आणि शास्त्रज्ञांनी संगमनेर, जुन्नर व सिन्नरच्या लोकांसमोर सोप्या मराठीत ठेवावेत. ज्यांच्या गावचे स्थानक हुकते आहे, त्यांना कारण नीट समजण्याचा हक्क आहे. आपल्या दैनिकानेही येत्या २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला वार्ताहर पाठवून त्या दुर्बिणीवर एक सविस्तर पान द्यावे, ही नम्र विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
नाशिकरोड