खारीचे पाच पट्टे

सातारा,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय नंदे,

फोनवर सांगता आलं असतं. तीनदा नंबर काढला आणि तीनदा ठेवून दिला. फोनवर तू "असू दे गं" म्हणून विषय मिटवून टाकशील, आणि हा विषय मला तसा मिटवायचा नाहीये. म्हणून पत्र. आठ महिने मी गप्प आहे. तुझ्या तिळगुळाला उत्तर दिलं नाही, अथर्वच्या दहावीच्या निकालावर नुसता अंगठा पाठवला. रागावली असशील. तो राग तसाच राहू दे, पुढे लागणार आहे.

इकडे सगळे बरे. माझी शुगर काठावर, यांचा गुडघा होता तिथेच. गणपती पाच दिवसांचे, नीट पार पडले.

तर, तुझी खार.

हॉस्टेलवर रेक्टरबाईंच्या दिवाळी कार्डासाठी तू काढलेली, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांना लोंबकळणारी. मेसच्या बिलाच्या पाठीवर काळ्या शाईने काढलेलं ते मूळ चित्र हरवलं म्हणून तू दोन दिवस गाद्या उलटत होतीस. नंदे, ते हरवलं नव्हतं. ते मी माझ्या अकाउंटन्सीच्या वहीत घालून ठेवलं होतं. तू फाडून टाकशील अशी भीती वाटली होती, कारण तू तेव्हा काढलेलं सगळं फाडायचीस. नंतर द्यायचं राहिलं, आणि मग इतकी वर्षं गेली की देताना काय सांगायचं तेच सुचेना.

२०२१च्या श्रावणात कार्डं विकायला लागले, तेव्हा त्या चित्राचा मी रबरी शिक्का करून घेतला. तुला न विचारता. तुला कार्डांचे फोटो पाठवले त्यात पणत्या होत्या, चाफा होता, कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली क्विलिंगची कमळं होती. खारीचं कार्ड एकदाही पाठवलं नाही. याचा अर्थ, चुकतंय हे मला तेव्हाच कळत होतं.

आणि सगळ्यात जास्त तेच खपतं. कागद अजून पुण्याहून आणते, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून. १९४० सालची ती संस्था, सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद करतात. छापखान्याच्या गुळगुळीत कार्डावर शिक्का मारला की रेघ कोरडी, कडक उमटते. या कागदावर शाई धाग्यांत जराशी पसरते आणि खारीच्या शेपटीला खरोखरची लव येते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी तुला हाक मारायला तोंड उघडलं होतं, घरात कोणी नसताना. कंदिलाच्या पाकळ्या कटरने कापते, आतून पतंगी कागद लावते, झिरमिळ्या तीन मिलिमीटरच्या पट्ट्यांच्या. खार शिक्क्याने, पण रंग हाताने. एका कार्डाला चाळीस मिनिटं लागतात.

फोटोत यातलं काही दिसत नाही गं. सकाळी नऊला खिडकीतून तिरपा उजेड येतो तेवढाच वेळ कागदाचा पोत दिसतो. एरवी कार्ड छापील वाटतं, आणि मग मेसेज येतो, "दुकानात असंच चाळीसला मिळतं, पन्नासला द्याल का?" मी पंच्याण्णवच्या खाली येत नाही. तू असतीस तर दिलं असतंस. नुसतं दिलंच असतंस, पैसे न घेता, वर चहा पाजून.

आता मूळ गोष्ट. जुलैमध्ये दिल्लीच्या एका बाईंनी बहिणीसाठी एक कार्ड मागवलं. मराठीच आहेत, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कार्ड साध्या पाकिटातून पाठवलं आणि पोस्टाचा शिक्का नेमका कंदिलावर बसला. त्यांनी लिहिलं, "झिरमिळ्या चपट्या झाल्या, पण खार शाबूत आहे." (तेव्हापासून पाकिटात जाड पुठ्ठा घालते. कार्ड नऊ ग्रॅमचं, पाकीट पाच, पुठ्ठा घातला की वीस ग्रॅमच्या वर जातं आणि पाच रुपयांचं तिकीट पुरत नाही. पण कार्ड तरी शाबूत जातं.) आणि खाली लिहिलं होतं, "पाच पट्टे काढलेत याचं कौतुक वाटलं. महाराष्ट्रात बहुतेकजण तीन काढतात. आमच्याकडे उत्तरेत पाच पट्ट्यांचीच खार असते. तुम्ही कुठे पाहिलीत?"

नंदे, आपलं ते भांडण! मी म्हणत होते, रामाने सेतू बांधताना खारीच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली, पट्टे तीनच हवेत. आणि तू म्हणालीस, "रामाची बोटं ग्वाल्हेरला पाच होती." मेघा हसून हसून पलंगावरून खाली पडली, आणि मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. मी तुझ्या चित्रातले दोन पट्टे ब्लेडने खरवडायला निघाले होते, आठवतं? तू बरोबर होतीस. चोवीस वर्षांनी सांगते, तू अगदी बरोबर होतीस. दक्षिणेकडे तीन पट्टे, उत्तरेकडे पाच. दोन वेगळ्या जाती आहेत. तू आजोळच्या गच्चीवर बसून जे मोजलं होतंस तेच काढलं होतंस.

बाईंना मी काय उत्तर दिलं सांगू? "लहानपणी आजोळी, ग्वाल्हेरला, गच्चीवर."

माझं आजोळ कोरेगाव. तुला माहीत आहे. मी आयुष्यात ग्वाल्हेरला गेलेली नाही. "मैत्रिणीचं चित्र आहे" हे तीन शब्द लिहायला तेवढाच वेळ लागला असता. पण त्या इतक्या आदराने विचारत होत्या, जणू मी कोणी निरखून पाहणारी चित्रकार आहे, आणि तो आदर मला हवासा वाटला. एकदा लिहिल्यावर पुढचं आपोआप आलं. मी त्यांना गच्चीवरची लोणच्याची बरणी सांगितली. तुझी आजी खारीला "या बाई" म्हणून हाक मारायची ते सांगितलं. कठड्याला पडलेली भेग आणि तिच्यातून डोकावणारी शेपटी सांगितली. हॉस्टेलवर दिवे गेल्यावर तू जे जे सांगायचीस ते सगळं, नंदे. एकही गोष्ट विसरले नव्हते. चित्र घेतलं ते वहीतून घेतलं, पण हे तर तुझ्या घरात शिरून घेतल्यासारखं झालं.

बाईंचं माहेर ग्वाल्हेरचं निघालं. त्या इतक्या हरखल्या की त्यांच्या मंडळातल्या वयस्कर माणसांसाठी दिवाळीला दीडशे कार्डं सांगितली. दहा ऑक्टोबरपर्यंत हवीत, लक्ष्मीपूजन एकवीसला आहे. आणि प्रत्येक कार्डात आत चार ओळी हव्यात: त्या गच्चीची, आजीची आणि खारीची आठवण, खाली माझी सही. "तुमच्याच शब्दांत लिहा" म्हणाल्या.

दीडशे कार्डं म्हणजे शंभर तासांचं काम. एका मोठ्या तावात दहा बसतात, वाया जाणारे धरून अठरा ताव आणले. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बसले. पहिलं कार्ड दुमडलं, रिकाम्या बॉलपेनने घडी पाडली, शिक्का मारला, आणि आत लिहायला पेन टेकवलं. "माझी आजी" एवढंच लिहिलं आणि पुढे हात चालेना. माझी आजी खारींना पेरूच्या झाडावरून हुसकायची. मी ते कार्ड बाजूला ठेवलं. आठ दिवस झाले, तिथेच आहे.

हे म्हणाले, एवढं काय, कोणाला कळणार आहे? खरं आहे, कोणालाच कळणार नाही. दिल्लीतल्या दीडशे घरांत तुझी आजी माझ्या नावाने जाईल आणि तू बेळगावात बसलेली असशील, तुला पत्ताही नसेल. तेच मला सहन होईना.

काल रात्री बाईंना खरं लिहिलं. चित्र माझं नाही, आजोळ माझं नाही, दोन्ही माझ्या मैत्रिणीचं आहे, तिला मी विचारलेलं नाही. विचारून कळवते, ती नको म्हणाली तर पणत्यांचं कार्ड करून देईन, तेही नको असेल तर घेतलेले आगाऊ पैसे परत करीन. त्यांनी वाचलंय, उत्तर आलेलं नाही. मी ऑर्डरसाठी थांबलेली नाही, तुझ्यासाठी थांबले आहे.

आता हिशेब, आणि ओरडू नकोस. महाद्वार रोडवरच्या त्या स्टॉलच्या ३३६ रुपयांवरून तू मला "वाणी" म्हणाली होतीस, सात रुपयाला एक अशी अठ्ठेचाळीस कार्डं, आणि तुला सगळ्या पैशांची रंकाळ्यावर भेळ खायची होती. मी कागदाचे नव्वद आधी बाजूला काढले म्हणून तू भेळ तोंडात असतानाही रुसलेली होतीस. मी अजून तशीच आहे. वहीत लिहिलेलं आहे: चार वर्षांत खारीची ६१२ कार्डं गेली. कार्डामागे दहा रुपये चित्राचे धरले तर ६,१२० होतात. ते पोस्टात वेगळे ठेवलेत. कायद्याने चित्राचा हक्क काढणाऱ्याचाच असतो, नोंदणी केलेली नसली तरी. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं, हे तू मानशील ना? पैसे घेतले नाहीस तर मला खूप वाईट वाटेल. भेळ खा त्याची.

पुढे काय करायचं ते तू ठरव. शिक्का वापरू नको म्हणालीस तर तो तुझ्याकडे पाठवून देईन. वापर म्हणालीस तर प्रत्येक कार्डाच्या मागे "चित्र : नंदा" छापणार, तेव्हा आडनाव माहेरचं घालू की सासरचं? आणि आतल्या चार ओळी तू लिहून दिल्यास तर मी त्या तुझ्या नावाने जशाच्या तशा उतरवीन. दीडशे वेळा, हाताने.

सोबत तुझं मूळ चित्र ठेवलंय. दुमडलेलं नाही, दोन पुठ्ठ्यांमध्ये आहे. मेसचं बिल मागे तसंच आहे, २१० रुपये, नोव्हेंबर २००१. स्पीड पोस्टाने पाठवतेय. परराज्यात माल पाठवायचा म्हणून मी जीएसटीचा नंबर घेतलाय, राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या माणसाला २०२३पासून त्याची सक्ती नाही, पण बेळगाव सरकारदरबारी परराज्य. हे आपल्या दोघींच्या आज्यांना पटलं नसतं. चित्रावर कर लागत नाही, ते तुझंच तुला परत येतंय.

अथर्वने पी.यू.ला, म्हणजे तुमच्याकडच्या अकरावीला, काय घेतलं? सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, आणि तू दुपारची झोपतेस का थोडी? नवीन ओट्याचा फोटो पाठव. तू हल्ली काही काढतेस का? एवढं एक नक्की लिही, बाकी लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
शुभा

ता. क. आजी खारीला शेंगदाणे घालायची की भिजवलेली डाळ? मी बाईंना शेंगदाणे लिहिलंय. काल रात्रीपासून मला राहून राहून वाटतंय की तू डाळ म्हणाली होतीस.