महिन्याला पंधरा डॉलर भरू का?

पुणे,
रविवार रात्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घेऊ का, पैसे वसूल होतात का?’ एवढंच विचारून तू मोकळा झालास. फोनवर उत्तर दिलं असतं तर ‘बरं बरं’ म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून बसून लिहितोय.

आधी पैशांचं बोलू. २००४च्या नोव्हेंबरात हा इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा गेम आला तेव्हा अमेरिकेत महिन्याला १४.९९ डॉलर घ्यायचे. आजही तेवढेच घेतात. जुने खेळाडू हे मोठ्या कौतुकाने सांगतात. पण तेव्हा ४५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर आता ८५च्या पुढे गेलाय, म्हणजे न वाढलेली फी आपल्यासाठी जवळपास दुप्पट झाली. शिवाय कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क. आणि एक्सपान्शन, म्हणजे खेळाचा नवा भाग, येतं त्याचे पैसे वेगळेच.

गिल्डमधलं, म्हणजे खेळातल्या आमच्या गटातलं, कुणीही तुला तासाचा भाव काढून दाखवेल : महिन्यात चाळीस तास खेळलास तर तासाला तीस-पस्तीस रुपये, मल्टिप्लेक्स याहून महाग. हा हिशेब मला कधीच पटला नाही. तास जास्त लागावेत अशीच या खेळाची बांधणी आहे. रेडमधल्या, म्हणजे मोठ्या गटाने करायच्या चढाईतल्या, बॉसची (तगड्या शत्रूची) लूट आठवड्यातून एकदाच मिळते, युरोपात बुधवारी सगळं पुन्हा सुरू होतं. एखादी वस्तू चार आठवडे पडली नाही की महिना गेलाच. आणि खानावळीचे पैसे आगाऊ भरले की भूक नसतानाही माणूस ताटावर बसतो, तसं इथेही होतं. त्या जबरदस्तीच्या तासांना स्वस्त कसं म्हणायचं?

तरी फुकटच्या मोबाइल गेमपेक्षा मला हा व्यवहार सरळ वाटतो. तिथे तलवारीसाठी पैसे देऊन नशिबाच्या पेट्या उघडत बसायचं, आणि महिनाअखेरीस किती गेले ते बँकेचा मेसेज सांगणार. इथे आकडा आधीच माहीत असतो. अर्थात फी भरली म्हणजे दुकान बंद, असंही नाही. २०१०मध्ये वॉरक्राफ्टने एक चमचमता उडता घोडा २५ डॉलरला विकला आणि लोकांनी रांगा लावल्या. २०१५पासून टोकन आहे : एकजण खरे पैसे देऊन ते घेतो, खेळातल्या सोन्यावर विकतो आणि सोनं देणाऱ्याला तीस दिवस खेळायला मिळतात. पण तेवढं सोनं जमवणं म्हणजे दुसरी नोकरीच.

तुझी खरी अडचण वेगळी आहे. वॉरक्राफ्टचा सर्व्हर भारतात नाही. युरोपात रात्री आठची रेड म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. पुढे तीन तास. तुझी सातपूरची पहिली पाळी सकाळी सातला! एकट्याने क्वेस्ट, म्हणजे खेळाने दिलेल्या कामगिऱ्या, करायला पैसे भरण्यात मला अर्थ वाटत नाही. तेरा-चौदाशे रुपये वसूल होतात ते वीस माणसं एकाच वेळी बॉसपुढे उभी राहतात, कुणीतरी हीलरवर (जखमी सोबत्यांना बरं करणाऱ्यावर) ओरडतं आणि शेवटच्या दोन टक्क्यांत सगळे मरतात, तेव्हा. त्या वेळी तू झोपलेला असणार. झोपलेलाच असावास.

म्हणून माझं ऐक, ‘फायनल फँटसी फोर्टीन’ या तशाच दुसऱ्या ऑनलाइन खेळाची फुकटची ट्रायल घे. हा खेळ २०१०मध्ये सपशेल आपटला होता. निर्माता-दिग्दर्शक नाओकी योशिदाच्या टीमने तो नव्याने बांधून २०१३च्या ऑगस्टमध्ये परत आणला. ट्रायलमध्ये सत्तराव्या लेव्हलपर्यंत आणि दोन एक्सपान्शन्सची गोष्ट कितीही दिवस खेळ. वॉरक्राफ्ट फुकटात विसाव्या लेव्हललाच थांबवतो. ट्रायलमध्ये तुला स्वतः पार्टी (खेळाडूंची तुकडी) उभी करता येत नाही, बाजारात विकता-घेता येत नाही, पण गोष्टीपुरतं काही अडत नाही. मात्र घाईने विकत घेऊ नकोस. एकदा त्या अकाउंटवर पूर्ण खेळ घेतला की ट्रायलकडे परत जाता येत नाही, आणि पहिले तीस दिवस संपले की फी सुरू.

योशिदा उघड म्हणतो की कंटाळा आला तर दुसरं काही खेळा, नवीन भाग आला की या. चांगला माणूस. पण त्याच खेळात घर घेतलंस आणि ४५ दिवस त्यात पाऊल टाकलं नाहीस, तर घर पाडतात. तेव्हा घर घेऊ नकोस!

पैसे भरायची वेळ आलीच तर एकेक महिन्याचे भर. सहा महिन्यांची सूट तुझ्यासारख्या पाळीवाल्यासाठी नाही. २०२१च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपोआप पैसे कापायचे तर आधी ओटीपी देऊन परवानगी नोंदवावी लागते, आणि पैसे जाण्याच्या चोवीस तास आधी बँक कळवते. गिल्डमधली मंडळी या भानगडीवर वैतागतात. मला ती सोय वाटते. दर महिन्याला एकदा तरी विचार होतो.

मी माझी फी भरतोच आहे, हे वाचून हसशील. माझी पाळी दुपारची आहे रे, आणि टँक, म्हणजे शत्रूचे घाव अंगावर घेणारा खेळाडू, मिळत नाही म्हणून लोक माझी वाट बघतात.

ट्रायलला कुठलं डेटा सेंटर (सर्व्हरचा गट) निवडतोस ते आधी मला विचार. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
निखिल