सूचना : जुन्या पुस्तकांपासून छोटे टेबल, रविवारची कार्यशाळा

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, निर्लेखित केलेल्या (वापरातून काढून टाकलेल्या) ग्रंथांपासून दिवा ठेवण्याजोगे छोटे टेबल तयार करण्याची कार्यशाळा येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत वाचनालयाच्या तळमजल्यावरील सभागृहात होईल. नावे शुक्रवार सायंकाळपर्यंत ग्रंथपालांकडे नोंदवावीत.

प्रत्येकाने एकाच आकाराची, पुठ्ठा बांधणीची पुस्तके आणावीत. कालबाह्य कायदे-अहवाल किंवा जुने विश्वकोशाचे सुटे खंड उत्तम. मात्र संपूर्ण संच कृपया फोडू नये. २४ × १७ सेंमी. आकाराच्या खंडांची ४५ सेंमी. उंच चळत साधारण पंधरा किलो भरते, त्यामुळे रिक्षाने येणे सोयीचे.

१. पुस्तके दोन दिवस उन्हात ठेवून पाने झटकून आणावीत. शिवणीजवळ कसर किंवा वाळवीचा माग दिसल्यास ते पुस्तक आणू नये, कारण एकाच पुस्तकातली कीड आमच्या कपाटांपर्यंत पोहोचते.

२. फेव्हिकॉलचा थर पातळच द्यावा. त्यातील पाण्याने पाने फुगतात आणि चळत एका बाजूला कलते. गुळगुळीत आवरणे आधी पॉलिश पेपरने घासावीत. चिकटवल्यावर वर वजन ठेवून रात्रभर दाबणे आवश्यक आहे. तेवढ्यापुरते पाटा-वरवंटा हाताशी असणाऱ्यांनी घरचाच वापरावा.

३. भोक पाडून लोखंडी सळई घालण्याचे काम फक्त सुतार करतील.

४. हस्तलिखित नोंदी, स्वाक्षरी अथवा १९५० पूर्वीचे प्रकाशनवर्ष असलेले कोणतेही पुस्तक ग्रंथपालांना दाखविल्याशिवाय वापरता येणार नाही.

हे टेबल बसण्यासाठी नाही.

— कार्यवाह