नकाशावरचा ठिपका

महोदय,

तांबड्या समुद्रातील जहाजांवरील हल्ल्यांविषयीचा आपला अग्रलेख वाचला. त्यात तेलाचे दर आणि युद्धनौका यांचा ऊहापोह आहे. खलाशी मात्र राहून गेला. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी दगावले, २१ जणांना आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले. गोव्यात तर गावोगावी तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे खलाशी, आहेत. माझी शेजारीण मुलाचे जहाज मोबाइलच्या नकाशावर पाहत असते. धोक्याच्या टापूत जहाजाने आपले ठिकाण कळवणारी ओळखयंत्रणा बंद केली की ठिपका नाहीसा होतो, आणि त्या घरात रात्रभर दिवा जळतो. अशा कुटुंबांना खात्रीची खबर देणारा चोवीस तासांचा कक्ष सरकारने वास्कोतच उघडावा.

– एक वाचक, वास्को