प्रवाळातील माशांचे बालपण आणि झाडे मोजणारी भरपाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ जुलै हा जागतिक कांदळवन दिन. त्याच्या आगेमागे आपल्या आणि इतर वृत्तपत्रांतून खारफुटीविषयी जे लेख व बातम्या येतात, त्यांत वादळी लाटांपासून होणारे किनाऱ्याचे रक्षण आणि साठवलेला कार्बन या दोन गोष्टींचा उल्लेख हटकून असतो. एखाद्या प्रकल्पाची बातमी असली तर तोडायची झाडे किती आणि त्यांच्या बदल्यात लावायची झाडे किती, हे आकडे असतात. हे सारे महत्त्वाचे आहे. परंतु समुद्रातील खडकांवर आणि प्रवाळावर वावरणाऱ्या कितीतरी माशांचे पहिले काही महिने, काहींची तर पहिली काही वर्षे, याच खारफुटीच्या मुळांत आणि तिच्यापुढच्या समुद्री गवतात जातात, ही बाब या चर्चेत जवळजवळ येतच नाही. ती विचारात घेतली तर झाडाच्या बदल्यात झाड हा हिशेब मुळातच अपुरा ठरतो. मी मालवण तालुक्यात राहतो आणि शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. याच एका मुद्द्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रवाळावर राहणारे पुष्कळ मासे आपली अंडी पाण्यात सोडून देतात. त्यांतून बाहेर पडलेली पिल्ले काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि मग कुठेतरी तळ धरतात. थेट प्रवाळावर उतरणे त्यांच्या जिवावर बेतणारे असते, कारण तिथल्या प्रत्येक कपारीत त्यांना गिळायला कोणीतरी टपलेले असते. खाडीत मात्र पाणी उथळ आणि गढूळ असते, कांदळाच्या आधारमुळांच्या गुंत्यात आणि तिवराच्या चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांमध्ये मोठ्या माशाला सहज शिरता येत नाही, सावलीमुळे लहानगा मासा दुरून दिसत नाही, आणि कुजणाऱ्या पानांच्या आश्रयाने जगणारे बारीक कवचधारी जीव त्याला जागच्या जागी खायला मिळतात. समुद्री गवताला अनेक जण शेवाळ समजतात. पण मुळे, खोड आणि फुले असलेली ती सपुष्प वनस्पती आहे आणि तिच्या पात्यांमध्येही पिल्लांना असाच आसरा मिळतो. पिल्लू जसजसे वाढते तसतसे ते या आसऱ्यांतून जवळच्या खडकांकडे आणि अखेरीस खोल पाण्यातील प्रवाळाकडे सरकते. आमच्या बाजारात चांगला भाव मिळवणारी तांबोशी अशीच वाढते: लहानपणी खाडीत, खारफुटीच्या आडोशाला, आणि मोठेपणी खडकाळ तळावर, शंभर मीटर खोलीपर्यंतसुद्धा. हेकरूच्या काही जातींची पिल्लेही खाडीतच दिसतात. भाताचा तरवा ज्या कोपऱ्यात पेरतात त्या कोपऱ्याचे क्षेत्र सगळ्या खाचरांच्या मानाने किरकोळ असते, पण तरवाच नसेल तर लावणी कशाची करणार?

खारफुटी आणि प्रवाळ यांच्यातील या नात्याचा सर्वांत ठळक पुरावा कॅरिबियन समुद्रातून आला. बेलीझ आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यालगतच्या प्रवाळबेटांचा अभ्यास करून शास्त्रज्ञ पीटर मंबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, ज्या प्रवाळांच्या जवळ भरपूर खारफुटी आहे तिथे व्यापारी महत्त्वाच्या काही जातींच्या माशांचे एकूण वजन, खारफुटी नसलेल्या प्रवाळांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक भरते. त्याच अभ्यासात इंद्रधनुषी पोपटमाशाविषयी जे आढळले ते अधिक गंभीर होते. अटलांटिक महासागरातील शाकाहारी माशांमध्ये हा सर्वांत मोठा, आणि त्याची पिल्ले खारफुटीवर इतकी अवलंबून असतात की जिथली खारफुटी तोडली गेली तिथल्या प्रवाळावरून हा मासा नाहीसा झाला. पोपटमासे प्रवाळावरचे शेवाळ खरवडून खातात आणि त्यामुळे प्रवाळाच्या नव्या पिल्लांना बसायला मोकळी जागा मिळते. म्हणजे किनाऱ्यावरची झाडे गेल्याचा परिणाम शेवटी समुद्रातील प्रवाळाच्या जगण्यावर होतो, आणि हे घडत असताना त्या प्रवाळाला कोणी हातही लावलेला नसतो.

पिल्ले खाडीत दिसतात आणि मोठे मासे प्रवाळावर, एवढ्यावरून हेच ते मासे असे कसे म्हणावे, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर माशाच्या कानातील चुनखडीच्या खड्यात मिळते. हा खडा थराथराने वाढतो आणि मासा ज्या ठिकाणी राहिला, जे अन्न त्याने खाल्ले, त्याची रासायनिक खूण त्या त्या थरात कायम राहते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तांबड्या समुद्रातील प्रवाळांवर पकडलेल्या तांबोशीच्याच कुळातील एका माशाचे असे खडे तपासले गेले, तेव्हा किनाऱ्यालगतच्या उथळ पाणथळ जागांत वाढलेले मासे खोल समुद्र ओलांडून तीस किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या प्रवाळांवर पोहोचल्याचे स्पष्ट झाले.

येथे एक मर्यादा प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीतला फरक अगदी कमी असतो, त्यामुळे तिथल्या खारफुटीची मुळे जवळजवळ कायम पाण्यात राहतात आणि पिल्लांना चोवीस तास निवारा मिळतो. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या अनेक किनाऱ्यांवर, आपल्या कोकणातही, ओहोटीला मुळे उघडी पडतात आणि पिल्लांना माघार घ्यावी लागते. म्हणून तिकडचे आकडे जसेच्या तसे इकडे लावणे चुकीचे ठरेल. पण यावरून आपल्याकडची खारफुटी माशांच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची ठरत नाही. ओहोटीला ही पिल्ले पाणवाटांमध्ये, खोलगट डबक्यांमध्ये, गवताच्या चकत्यांमध्ये आणि मुखाजवळच्या खडकांत थांबतात आणि भरतीबरोबर पुन्हा मुळांत शिरतात. अर्थात आपल्या किनाऱ्यावर पिल्लांचे संगोपन झाडे, चिखल, पाणवाटा आणि गवत असलेली अखंड खाडी करते, आणि त्यांतला एक तुकडा काढून घेतला तर उरलेल्यांचा उपयोगही कमी होतो. झाडांच्या संख्येत ही जागा मोजता येत नाही.

तरीही आपली भरपाईची पद्धत झाडांच्या संख्येवर आणि क्षेत्रफळावरच चालते. वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्याच्या प्रकल्पात खारफुटीची सुमारे ४५ हजार झाडे बाधित होणार असल्याचे जाहीर झाले आणि भरपाईच्या वनीकरणासाठी जमीन दाखवण्यात आली ती चंद्रपूर जिल्ह्यात. चंद्रपुरातले जंगल वाढावे याबद्दल दुमत नाही. पण खाडीतल्या एकाही माशाला त्याचा उपयोग नाही. खारफुटीच्या बदल्यात खारफुटीच लावली जाते तेव्हाही प्रश्न संपत नाही. फिलिपिन्समध्ये झाडे लावण्याच्या उत्साहात मोकळे चिखलपट्टे आणि समुद्री गवताची कुरणे निवडली गेली, कारण त्या जागांवर कोणाचा मालकीहक्क नव्हता. खारफुटीला ती पातळी मानवत नसल्याने पुष्कळशी रोपे मेली, आणि जिथे लागवड झाली तिथल्या गवताचेही नुकसान झाले. एक संगोपनक्षेत्र उभे करण्यासाठी दुसरे मोडण्याचा हा प्रकार आपल्याकडेही घडू शकतो. कोकणातील आणि गोव्यातील खाड्यांमध्ये, खारफुटीच्या पुढच्या चिखलपट्ट्यावर, हॅलोफिला बेकारी नावाचे इवलेसे समुद्री गवत तुरळक चकत्यांनी उगवते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते असुरक्षित गणले गेले आहे. ओहोटीच्या वेळी गुडघे टेकून पाहिल्याशिवाय ते नजरेस पडत नाही, आणि रोपे लावायला आलेल्या माणसाला तो पट्टा रिकामाच वाटतो.

समुद्री गवत गेले की काय होते, हे लक्षद्वीपमध्ये दिसले आहे. तिथल्या प्रवाळबेटांच्या आतल्या उथळ पाण्यात हिरव्या कासवांची संख्या एकेका बेटाभोवती फार वाढली आणि त्यांनी गवताची कुरणे अक्षरशः मुळापर्यंत चरून टाकली; अगत्ती बेटापासून सुरू झालेला हा प्रकार पुढे इतर बेटांवर पोहोचला. कुरणे उजाड झाली तसे त्यांतले मासे कमी झाले आणि मच्छीमारांचा कासवांवर रोष वाढला. तिथे कारण नैसर्गिक, निदान वरवर तरी तसे दिसणारे आहे. आपल्याकडे गाळ उपसणे, भराव टाकणे आणि सांडपाणी सोडणे ही कामे माणसे करतात आणि ती थांबवणे माणसांच्याच हातात आहे.

मालवणपुरते बोलायचे तर १९८७ साली येथे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्याभोवतीचा भाग त्याचा गाभा मानला गेला. त्यातील प्रवाळ पाहायला पर्यटक येतात. परंतु अभयारण्याची हद्द समुद्रात आखलेली आहे. उत्तरेची कोळंबची खाडी आणि दक्षिणेची कर्लीची खाडी तिच्यात येत नाहीत. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत खारफुटी, प्रवाळ, समुद्री गवत आणि जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे हे सर्व एकाच सर्वाधिक संरक्षित गटात आहेत, मात्र प्रकल्पाचे मूल्यमापन करताना प्रत्येकाचा तपशील वेगळ्या रकान्यात भरला जातो आणि त्यांच्यातील ये-जा कोणत्याच रकान्यात बसत नाही. राज्याच्या वन विभागात २०१२ साली स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाने मोठे काम केले आहे, हे मुद्दाम नमूद करतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यातील कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर झाले होते. पण उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग वाढला म्हणून त्या हिरव्याखाली पाणी खेळते आहे की नाही, हे कळत नाही. बांध घालून भरतीचे पाणी अडवलेल्या खाजणात झाडे बरीच वर्षे उभी राहू शकतात. मासे मात्र तिथे येणे लगेच थांबते.

शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान कायदेशीर आकार ठरवून दिला. लहान मासे जाळ्यात येऊ नयेत हा त्यामागचा हेतू योग्यच आहे आणि पारंपरिक मच्छीमारांचीही तीच मागणी होती. परंतु जाळ्यातून वाचलेले पिल्लू वाढणार कुठे, याचा विचार त्याच निर्णयाच्या जोडीने व्हायला हवा. त्यासाठी माझ्या काही मागण्या आहेत. खाडीवर परिणाम करणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालात झाडांच्या मोजणीबरोबर पिल्लांची मोजणी सक्तीची असावी, आणि ती पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, भरतीला आणि ओहोटीला, अशी स्वतंत्रपणे व्हावी. एका कोरड्या दुपारी केलेली पाहणी ग्राह्य धरू नये. भरपाई द्यायचीच असेल तर ती त्याच खाडीत द्यावी, आणि नव्या लागवडीपेक्षा अडवलेले पाणी मोकळे करण्याला आधी पैसा मिळावा. चिखलपट्ट्यावर रोपे लावण्यापूर्वी तिथे समुद्री गवत नाही याची खात्री करावी. मालवणच्या प्रवाळाजवळ पकडल्या जाणाऱ्या तांबोशी आणि हेकरूच्या कानातील खड्यांचा अभ्यास करून ते कोणत्या खाडीत वाढले याचा शोध घ्यावा. मासे तर रोज लिलावात येतातच, त्यामुळे यासाठी वेगळी मासेमारी करावी लागणार नाही. हे सर्व करताना खाडीत पाग टाकणाऱ्यांना आणि कुर्ल्या पकडणाऱ्यांना विचारावे. कोणत्या महिन्यात कोणत्या वळणावर कोणती पिल्ले दिसतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि सहकारी सोसायट्यांच्या मदतीने एका हंगामात त्याची नोंद करता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मालवण, जि. सिंधुदुर्ग